जुन्या गाडीचा कॅलिपर गळतोय? आधी पिस्टन बाहेर काढून बघा

साताऱ्यात पाऊस ओसरला आणि कासच्या फुलांची गर्दी कमी झाली, की आमच्या शेडमधल्या जुन्या कॉन्टेसा गाडीवरची ताडपत्री निघते. दोन वर्षांपूर्वी ती काढली तेव्हा उजव्या पुढच्या टायरच्या आतल्या अंगाला ओल दिसली. पाऊस आत आला म्हणावं तर खालची फरशी कोरडी ठणठणीत. बोट लावून बघितलं तर पाण्यापेक्षा जाडसर, इंजिन ऑइलपेक्षा पातळ आणि बुळबुळीत. रिमवरून ओघळ जिथून गेला होता तिथला रंग फुगून पापुद्र्यासारखा सुटला होता. रंगाची अशी सालं काढतं ते ब्रेक ऑइल.

तुमच्या गाडीखाली अशी ओल दिसली तर आधी खात्री करून घ्या, कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बर फुटला तरी टायरच्या आतल्या बाजूलाच तेल दिसतं. वाटीभर पाण्यात त्या ओलीचा थेंब टाका. पाण्यात विरघळून गेला तर ब्रेक ऑइल. वर तवंग धरला तर दुसरं कुठलं तरी तेल. आणि ब्रेक ऑइल निघालं, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा नेऊ नका.

मी तेव्हा गाडी टो करून एका गॅरेजमध्ये नेली. ‘सील गेलंय, नवं टाकतो, संध्याकाळी घेऊन जावा,’ असं तिथल्या मिस्त्रीनं सांगितलं आणि खरंच संध्याकाळी गाडी मिळाली. दोन महिन्यांनी यवतेश्वरचा घाट उतरत होतो. गाडी उजवीकडे ओढायला लागली, जळका वास आला, आणि तिसऱ्या वळणावर पेडल स्पंजासारखं मऊ झालं. दुसऱ्या गिअरवर टाकून, पेडल पंप करत कशीबशी कडेला घेतली. उजव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता इतकं ते तापलं होतं. आणि रिमवर पुन्हा तोच ओघळ. नव्या सीलसकट कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर (डिस्कवर) दोन्ही बाजूंनी ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा, जॅमही झाला होता आणि गळतही होता. ही दोन्ही दुखणी एकदम कशी झाली ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. तेच इथे सविस्तर लिहितो.

पायापासून पॅडपर्यंत

ब्रेकच्या नळ्यांमधलं द्रव दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर ते जसाच्या तसा चाकापर्यंत पोचवतं. एक हिशोब करून बघू. समजा, पायानं २० किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे १०० किलो झाला. पेडलच्या जोरानं द्रव दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचं तोंड ३ चौरस सेंटिमीटर असेल तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३३ किलोचा दाब तयार होतो. हाच दाब कॅलिपरमधल्या ५ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर आला की तो पिस्टन ६५० किलोच्या आसपास जोरानं पॅडला डिस्कवर दाबतो. पायाचा जोर वाढवून देणारा सर्व्हो असेल तर याहून जास्त. एवढा दाब अडवून धरायला आत काय असतं? बांगडीसारखं एक रबरी सील.

जुन्या गाड्यांत बऱ्याचदा कॅलिपर जागचा हलत नाही आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर पिस्टन असतात. नंतरच्या गाड्यांत एकाच बाजूला पिस्टन आणि कॅलिपर स्वतःच पिनांवर सरकतो. गळतीचं शास्त्र दोन्हीकडे सारखंच आहे.

हे सील गोल तारेच्या रिंगसारखं नसतं, कापून बघितलं तर ते चौकोनी दिसतं. कॅलिपरच्या भोकात आतून एक खाच असते, त्यात ते बसतं आणि पिस्टन त्याच्या मधून जातो. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो, पण सीलची पिस्टनवरची पकड सुटत नाही, त्यामुळे सील थोडं पिळवटतं. पाय काढला की ते पिळवटलेलं रबर परत सरळ होतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं मागे खेचतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो एवढ्यानंच. त्यासाठी वेगळी स्प्रिंग नसते. पॅड झिजले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि नव्या जागेवरून हाच खेळ सुरू होतो, म्हणून डिस्क ब्रेक अ‍ॅडजस्ट करावे लागत नाहीत. द्रव अडवणं, पिस्टन मागे घेणं आणि झीज भरून काढणं ही तिन्ही कामं एवढंसं रबर करतं, हे कळल्यावर मला हे शोधून काढणाऱ्या माणसांच्या बुद्धीचं मनापासून कौतुक वाटलं.

इथेच एक गोष्ट लक्षात येते. पॅड झिजून पिस्टन पुढे आला की त्याच्या मागची जागा द्रवानं भरते आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी खाली जाते. म्हणजे पातळी हळूहळू उतरली की गळतीच आहे असं नाही. आधी पॅडची जाडी बघा. नुसती भर घालत राहिलात, तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबल्यावर डबी ओसंडते आणि बॉनेटखालचा रंग जातो.

चूक कुठे होते

आपल्याकडे जुन्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरवर तयार झालेले. या गाड्यांच्या जुन्या मॉडेलना चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रममध्ये व्हील सिलिंडर असतो. त्यात रबरी कप पिस्टनबरोबर पुढे-मागे सरकतो आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर घासतो, म्हणून तिथे भिंत गुळगुळीत असणं महत्त्वाचं. गळती लागली की भिंत होन करायची, म्हणजे घासून गुळगुळीत करायची, नवं किट टाकायचं, झालं काम. हा अनुभव खरा आहे आणि ड्रमसाठी बरोबरही आहे.

कॅलिपरमध्ये हे उलटं होतं. सील भिंतीच्या खाचेत जागच्या जागी बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्यातून सरकतो. त्यामुळे द्रव अडतं ते पिस्टनच्या पृष्ठभागावर. भिंतीवर चार ओरखडे असले तरी फारसं बिघडत नाही, पण पिस्टनवर मोहरीएवढा खड्डा असला तरी नवंकोरं सील गळतं. ड्रमच्या सवयीनं माणूस भिंतीला पॉलिश पेपर मारतो, सील बदलतो आणि पिस्टन फडक्यानं पुसून परत आत घालतो. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

आता गंज पिस्टनवर कुठे चढतो ते बघा. सीलच्या आतला भाग द्रवात बुडालेला. बाहेरचा भाग डस्ट बूटच्या, म्हणजे धूळ अडवणाऱ्या रबरी टोपीच्या आत. तो बूट चिरला की घाटातलं पाणी, चिखल आत जातो आणि तिथेच साचून राहतो. पॅड जसजसे झिजतात तसतसा पिस्टन बाहेर येतो, म्हणजे जास्त भाग या ओलीत उघडा पडतो. क्रोमच्या खालच्या पोलादाला तिथे गंज लागतो आणि क्रोम फुटून खड्डे पडतात. तोपर्यंत गळती मात्र नसते, कारण सील ज्या पट्ट्यावर बसलंय तो पट्टा आतला, चांगला आहे. मग तुम्ही नवे पॅड टाकता. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन पार आत ढकलावा लागतो, आणि इतकी वर्षं बाहेर राहिलेला गंजका पट्टा नेमका सीलखाली येऊन बसतो. मी त्या पावसाळ्याआधी, मे महिन्यात, नवे पॅड टाकले होते. ‘नवीन पॅड टाकले आणि तेव्हापासून गळायला लागलं’ ही तक्रार जुन्या गाडीवाल्यांकडून मी कितीदा ऐकली आहे, आणि दोष पॅडच्या माथी जातो. पॅड टाकताना पिस्टन दाबण्याआधी बूट उचलून, बॅटरीच्या उजेडात त्याचा बाहेर आलेला भाग नीट पुसून बघितला असता तर मला तो गंज तेव्हाच दिसला असता.

‘ऑइल’ या शब्दानं केलेला घोटाळा

आता जॅम का झाला ते. आपण ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नाही. डब्यांवर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेली ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉल जातीची रसायनं आहेत, पेट्रोलियमची तेलं नाहीत. ब्रेकमधलं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम जातीचं असतं. ग्लायकॉलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की फुगतं. गॅरेजमध्ये मात्र धुवायचं म्हटलं की डिझेलचा डबा पुढे येतो. डिझेलनं धुतलेल्या कॅलिपरमध्ये नवं सील बसवलं, वर हातानं ग्रीस फिरवलं, की ते काही दिवसांत सुजतं, पिस्टनला घट्ट आवळतं आणि मागे येऊ देत नाही. पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापतं, गाडी त्या बाजूला ओढते.

कॅलिपर धुवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पत्र्याच्या डब्यात मिळणारा ब्रेक क्लीनर वापरा आणि शेवटी नव्या ब्रेक ऑइलनं खंगाळा. बसवताना सीलला तेच ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस लावा. दुसरं काही नको.

पेडल मऊ का पडलं, याचं उत्तरही याच द्रवात आहे. ग्लायकॉल हवेतली वाफ शोषून घेतं, रबरी होजमधून आणि डबीच्या झाकणातून. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांपर्यंत टिकलं तरी ते मानकात बसतं. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ज्या डोंगररांगेत महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिच्या पायथ्याशी चार महिने उभी राहिलेली गाडी किती दमट हवा पीत असेल! पसरणीच्या नाहीतर यवतेश्वरच्या उतारावर कॅलिपर तापला, त्यातलं द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. हेच मुरलेलं पाणी आतून लोखंडही खातं. म्हणून गाडी चालो न चालो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदला. उभ्या गाडीला तर याची जास्तच गरज असते. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही म्हणून काही जण ते सुचवतात, पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळता येत नाही आणि त्यातली हवा काढणं जिकिरीचं असतं. मी डॉट ४ वरच राहिलो.

कॅलिपर उघडताना

घाटातल्या त्या प्रसंगानंतर काम ओळखीच्या मिस्त्रींकडे, पण मी शेजारी बसून करून घेतलं. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. जुन्या पॅडच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून एअर मारून ती उडवायची नाही. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसायची.

पिस्टन बाहेर काढणं हा यातला सगळ्यात धोक्याचा भाग. कॉम्प्रेसरची हवा दिली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि मध्ये बोट असेल तर त्याचा चुरा होतो. आम्ही गाडीचाच दाब वापरला. नळी जोडलेली ठेवून कॅलिपर खाली घेतला, होजवर वजन येऊ नये म्हणून खोक्यावर टेकवला, मध्ये लाकडाची फळी ठेवली आणि पुतण्यानं सीटवर बसून सावकाश पेडल दाबलं. समोरासमोर दोन पिस्टन असतील तर जो आधी हलतो त्याला सी-क्लॅम्पनं धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला त्याच्या बरोबरीनं आणायचं. एक पूर्ण निघाला की दाब जातो आणि दुसरा आतच अडकतो. पक्कड पिस्टनच्या चकचकीत भागाला कधीच लावू नका.

पिस्टन निघाला, मिस्त्रींनी तो अल्कोहोलनं पुसून माझ्या हातात दिला. आतला निम्मा भाग आरशासारखा. त्याच्या पुढे, बरोबर बांगडीच्या आकारात, तांबूस ठिपक्यांचा पट्टा, भाकरीवर तीळ लावावेत तसा. त्यातल्या एका ठिपक्यावरून नख फिरवलं आणि नख अडकलं. ‘हितनं गळतंय बघा,’ मिस्त्री म्हणाले. ‘ह्याच्यावर धा सीलं घाला, पाणी येणारच.’

नखाची परीक्षा साधी आणि खरी आहे. सील जिथून जातं त्या पट्ट्यात नख अडकलं, तर पिस्टन बाद. नुसता डाग असेल, खड्डा नसेल, तर अगदी बारीक पॉलिशनं काढता येतो. जाड पॉलिश पेपर मात्र नको, तो क्रोम फोडतो आणि वर्षभरात तिथेच नवा गंज येतो.

आता कॅलिपरच्या अंगातली सीलची खाच. तिच्या तळाशी गंजाची पूड बसली की सील वर उचललं जातं, पिस्टनला आवळतं आणि एका बाजूनं झिरपतं. ती साफ करायला आम्ही उदबत्तीची काडी तासून घेतली, वर अल्कोहोलचं फडकं गुंडाळलं. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडलं तर खाचेच्या कडा जातात, आणि सीलचं ते पिळवटून परत येण्याचं काम कडांच्या आकारावरच अवलंबून असतं.

दुरुस्ती की नवा

कॅलिपरला तडा असेल, खाच खोलवर खाल्ली गेली असेल, किंवा आतली हवा काढायचा ब्लीडिंग निपल आत तुटून आटेच गेले असतील, तर तो कॅलिपर संपला. दुसरा शोधा. बाकी वेळी दुरुस्तीच करावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कॉन्टेसासारख्या २००२ मध्येच बंद झालेल्या गाडीचा ‘नवा’ म्हणून मिळणारा कॅलिपर बऱ्याचदा कुठल्या तरी गोदामात वीस वर्षं पडलेला असतो. त्यातलं रबर तितकंच जुनं. जुन्या गाडीवरून काढलेला कॅलिपर आणलात तरी तो उघडून, पिस्टन बघूनच लावा.

दोन भाग बोल्टनं जोडून केलेला कॅलिपर असेल तर ते मधले बोल्ट खोलायचा मोह टाळा. मधल्या जोडाला बारीक रिंग असते, बोल्ट विशिष्ट ताणाचे असतात, आणि सील बदलण्यासाठी ते खोलावे लागत नाहीत.

नवा पिस्टन मिळाला तर उत्तम. आम्हाला मिळाला नाही. मग एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. साताऱ्यात प्रिया स्कूटर बनत होती तेव्हा त्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केलेली. त्यांनी जुन्या पिस्टनचा न गंजलेला भाग मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी मोजला, कागदावर लिहिलं आणि ३०४ स्टेनलेसचा दांडा काढला. ‘शेवटचा हात ग्राइंडरवर घेतो,’ म्हणाले, ‘लेथच्या रेघा राहिल्या तर तुझं सील खातील त्या.’ दुसरा मार्ग म्हणजे जुना पिस्टन घासून, हार्ड क्रोम करून परत मापात ग्राइंड करणं. तोही चांगला, फक्त मापाला पक्का माणूस हवा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशोब आहे, अंदाजपंचे चालत नाही.

आणि काम दोन्ही बाजूंचं करा. उजवा नवा आणि डावा जुना राहिला तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी तिरकी जाते. ऑइल लागलेले पॅड धुवून, भाजून परत वापरणारे आहेत. ते ऑइल पॅडच्या आत मुरलेलं असतं आणि तापलं की बाहेर येतं. दोन्ही चाकांचे पॅड टाकून द्या. रबरी होजही याच वेळी बदला. जुना होज बाहेरून धड दिसतो पण आतून सुजून बंद होत जातो. पायाच्या जोरानं द्रव पुढे जातं, परत यायला वाट राहत नाही, आणि आपण विनाकारण कॅलिपरला जॅम म्हणतो.

बसवताना पिस्टन हाताच्या अंगठ्यांनी सरळ आत जायला हवा. अडला तर हातोडी नको. तो तिरका झालाय किंवा सील पिळलं गेलंय, बाहेर काढून परत सुरुवात करा. पाइपच्या जोडाखालचे तांब्याचे वॉशर नवे घाला, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानं आवळा.

कामात नळ्यांमध्ये शिरलेली एअर काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एक जण पेडलवर, एक जण निपलजवळ: ‘दाब, धर, आता सोड.’ निपल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन शेवटपर्यंत जात नाही, म्हणून आत पुढच्या भागात गंज साचलेला असतो. एअर काढताना पेडल फरशीपर्यंत दाबलं की मास्टरमधलं रबर त्या गंजावर घासून फाटतं, आणि कॅलिपरचं काम संपताना मास्टरचं सुरू होतं.

सगळं झाल्यावर इंजिन चालू ठेवून मी पूर्ण जोरानं एक मिनिट पेडल दाबून धरलं. ते जागचं हललं नाही. दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र पसरून गाडी रात्रभर उभी ठेवली. सकाळी कागद कोरडे होते. मग आधी मोकळ्या मैदानावर, मग सपाट रस्त्यावर आठवडाभर, आणि त्यानंतर एका रविवारी भल्या पहाटे यवतेश्वर. खाली उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघितला. दोन्हीकडची धग सारखी होती. घरी येऊन पुन्हा कागद पसरले.

पुतण्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी शेडमध्ये डोकावला. ‘काका, कागद अजून कोरडाच आहे,’ तिथूनच ओरडून सांगितलं त्यानं.